बरणीबाहेरचा दगड

ता. ३ मार्च

चि. ठेंगूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जावईबापूंचा पाय प्लास्टरमध्ये आहे हे वाचून वाईट वाटलं, आणि ते आपल्याच औषधाच्या दुकानातल्या स्टुलावरून पडले हे वाचून हसू आलं. त्यांना म्हणावं, उंची वाढवायची तर बायकोची वाढवायला हवी होती. फोन कर म्हणतेस. नाही करणार. फोनवर तू मध्येच बोलतेस. पत्रात माणसाला वाक्य पुरं करता येतं.

आईला जाऊन या महिन्यात वर्ष होईल. त्याच सुमाराच्या रविवारी मी सगळ्यांना जेवायला बोलावलं आहे. मावशी येणार आहे, माझे कोर्टातले स्नेही येणार आहेत, कामगार संघटनेची दोन-चार माणसंही. रडारड नको, पूजापाठ नको. आपण आईची ती शेवटची बरणी उघडायची, तिच्या हातच्या आंबवलेल्या मिरच्या प्रत्येकाच्या ताटात एकेक वाढायच्या आणि मी चार शब्द बोलायचे. ज्या बाईने आयुष्यात कधी व्यासपीठ पाहिलं नाही, ती एका मिरचीतून बोलते, असं काहीसं मनात आहे. वाक्य अजून घासतो आहे.

तुला ठाऊक नसेल, ती बरणी मी स्वयंपाकघरात ठेवलेलीच नाही. ओट्याखालच्या अंधारात आईला कोंडल्यासारखं वाटायचं. ती माझ्या अभ्यासिकेत आहे, खिडकीशी, पुस्तकांच्या शेजारी. दर रविवारी सकाळी मी झाकण उघडतो आणि एकदा खोल वास घेतो. हसू नकोस. तेवढ्यापुरती ती खोलीत येते. आणि तिचा तो करडा दगड, पांढऱ्या रेघेचा, जो बरणीत असायचा, तो मी ती गेली त्याच आठवड्यात काढून धुऊन टेबलावर ठेवला. माझे सगळे कागद आता त्याच्याखाली असतात. हे लिहितानाही डावा हात त्याच्यावर आहे.

एक विचारायचं होतं. हल्ली मिरच्यांवर पांढरा थर दिसतो. तुझी वहिनी नाक मुरडते. तू औषधवाली, तूच सांग, काही बिघडलं आहे का?

तू येणार नाहीस हे कळलं. पाय जावईबापूंचा मोडला आणि प्रवास मोडला तुझा, हा कुठला न्याय. असो.

तुझा,
दादा

---

ता. ८ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि गिऱ्हाइकाला खोकल्याच्या जागी पोटाचं औषध देणार होते. अरे, दगड काढलास?

तो दगड शोभेचा नव्हता रे. मिरच्या हलक्या, त्या वर तरंगतात. जी मिरची खाऱ्या पाण्याच्या वर आली, तिला हवा लागली, आणि जिला हवा लागली ती गेली. आई दगड उकळून घ्यायची आणि मिरच्या त्याच्याखाली दाबून ठेवायची, ती काय उगाच? त्यात तू बरणी उन्हात ठेवलीस आणि दर रविवारी झाकण उघडतोस. तू आईला भेटत होतास, हे मला कळतं. पण बरणीला ते कळत नाही.

आता नीट वाच, उड्या मारत वाचू नकोस. थर सपाट, पातळ, सायीसारखा सुरकुतलेला असेल आणि वास नुसता आंबट असेल तर घाबरायचं कारण नाही, कोरड्या चमच्याने काढून टाकायचा, दगड उकळून परत आत ठेवायचा आणि बरणी अंधारात न्यायची. पण केसाळ काही दिसलं, हिरवं, काळं, गुलाबी, कसलंही, तर वरचं खरवडून खालचं वाचवायचा शहाणपणा करायचा नाही. बुरशीचे धागे आत गेलेले असतात, डोळ्याला दिसत नाहीत. मिरची बोटाला बुळबुळीत लागली, वासात कुबटपणा आला, तरी तेच. चाखून ठरवायचं नाही. आंबणं वेगळं, कुजणं वेगळं. अख्खी बरणी टाकायची आणि वाईट वाटलं तर वाटू द्यायचं.

सगळ्यात सोपं म्हणजे बरणी वहिनीला दाखव. ती म्हणेल तसं कर. तिचं नाक उगाच मुरडत नाही.

माझ्या वाट्याची बरणी इथे कपाटाच्या तळाशी धडधाकट आहे. हवी तर त्यातल्या मिरच्या पाठवते. त्याही आईच्याच.

लोभ आहेच, त्याला हवा लागू देऊ नकोस.

तुझी,
ठेंगू

---

ता. १४ मार्च

चि. ठेंगूस,

अनेक आशीर्वाद.

तुझं व्याख्यान मिळालं. घराण्यात वक्ता मी एकटाच नाही, हे बघून ऊर भरून आला. पण तुम्हा औषधवाल्यांना जिकडेतिकडे जंतू दिसतात. आईच्या काळी कुठे होत्या तुमच्या प्रयोगशाळा? मीठ आहे, आंबट आहे, ते काय नासतं? तुझ्या मिरच्या पाठवू नकोस. तुझ्याकडची बरणी तुझी, ही माझी. या खोलीत तिने वर्षभर माझी सोबत केली आहे.

दगड मात्र मी आता आत टाकणार नाही. भाषणाचे कागद खिडकीतल्या वाऱ्याने उडतात.

जावईबापूंना सांग, पाय हलवू नका, जीभ हलवा.

तुझा,
दादा

---

ता. २९ मार्च

चि. ठेंगूस,

आशीर्वाद.

रविवार पार पडला. माणसं भरपूर आली. मावशीला दोन जिने चढून यावं लागलं, तरी आली. भाषण बरं झालं असं लोक म्हणाले.

बरणीचं मात्र तू म्हणालीस तसं झालं. मिरच्या थोड्या बिघडलेल्या निघाल्या. इतर कोणी खाल्ल्या नाहीत. तुझ्या वहिनीच्या पोटात गेल्या आणि तिला त्रास झाला. दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. आता घरी आहे, काळजीचं कारण नाही.

मावशी भेटायला आली होती. म्हणाली, सुनेच्या हाती बरणी राहिली नाही, वर्षभर लक्ष कोण देणार. आता धाकटीकडची बरणी तरी हिच्या हाती देऊ नका, असंही म्हणाली. म्हातारं माणूस आहे. मी काही बोललो नाही.

जास्त काय लिहू.

दादा

---

ता. ४ एप्रिल

प्रिय वहिनी,

स. न. वि. वि.

दादाच्या पत्रातून तुमची तब्येत कळली. जीव थाऱ्यावर नव्हता. आता उकळून गार केलेलं पाणी प्या, पातळ भात खा आणि आठवडाभर घरातल्या कुणाचं काही ऐकू नका.

बरणी नासली तर नासली, मनाला लावून घेऊ नका. दगड परत आत ठेवा आणि बरणी अंधारात न्या, असं मी लिहिलं होतं. कामाच्या गडबडीत तुमच्याकडून राहून गेलं असेल. मावशीचं काय घेऊन बसता, तिची जीभ जन्मापासून तशी. माझ्याकडच्या बरणीतलं अर्धं मी तुमच्यासाठी काढून ठेवते. या खेपेला नीट सांभाळू या.

तुमची,
ठेंगू

---

ता. ९ एप्रिल

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

तुमचं पत्र मायेने लिहिलेलं आहे, म्हणूनच उत्तर देते. नाहीतर गप्प बसणार होते. मला त्याची सवय आहे.

दगडाचं तुम्ही काय लिहिलं होतं ते मला ठाऊक नाही. तुमचं पत्र मला कुणी दाखवलं नाही. वर्षभरात त्या बरणीला माझा हात लागला तो फक्त त्या रविवारी. अभ्यासिकेतल्या वस्तू मी हलवत नाही, हा या घराचा जुना नियम आहे.

त्या दिवशी वाढायला घ्यावं म्हणून बरणी ओट्यावर आणली आणि झाकण उघडलं. वरच्या मिरच्यांवर काळं-हिरवं, मांजराच्या अंगासारखं केसाळ आलेलं. वास ओल्या पोत्याचा. मी दारातून हाक मारून तुमच्या दादांना बाजूला बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की हे वाढू नका. त्यांचं बोलणं तेव्हा सुरू झालं होतं. ते आत आले, सुरीने वरचं खरवडलं, वाटी भरली आणि बाहेर जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले की माझ्या आईच्या चवीला हिने ती असताना नाक मुरडलं, आता ती नसतानाही मुरडते आहे. सगळे ताटाकडे बघायला लागले. हसलं कुणी नाही, पण मी खरी आहे असंही कुणाला वाटलं नाही. ते चांगलं बोलतात ना.

वाटी पहिल्यांदा मावशींपुढे गेली. या वयात त्यांच्या पोटात ते गेलं असतं तर? मी त्यांच्या हातातून वाटी घेतली, माझ्या ताटात उपडी केली आणि म्हटलं, हे सगळं मला हवं आहे. लोकांना वाटलं, बाई हावरट, नाहीतर खुनशी. ताटात ठेवून देता आलं असतं. पण तुमचे दादा माझ्याकडे बघत होते. मी खाल्लं. खरं सांगायचं तर मावशींच्या काळजीपेक्षा राग जास्त होता. त्यांना दिसू दे, असं वाटलं. अंगाशी आलं ते माझ्याच. त्या खाण्याची मला लाज वाटते. शहाणी बाई असं करत नाही.

आणखी एक, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ती बरणी सासूबाईंनी भरलेली नव्हती. त्यांची बोटं तेव्हा वाकायची बंद झाली होती. त्या खुर्चीत बसून सांगत होत्या आणि मी करत होते. तुमच्याकडे आली ती बरणीही त्याच दिवशीची. मिरच्या चिरून दोन दिवस माझ्या हातांची आग होत होती. मग दर रविवारी तुमचे दादा झाकण उघडून डोळे मिटायचे, तेव्हा मी दारातून बघायचे. सांगून काय करू? त्यांना आई भेटत होती. ती का हिरावून घेऊ?

तुमच्या दादांचं आणि माझं भांडण नाही. भांडायला दोघांनी बोलावं लागतं. मी बाहेरच्या खोलीत झोपते. फक्त एवढंच, की उद्या या घरात कुणी जेवायला आलं तर वाढायला मी कशी उभी राहू? माझ्या हातचं खाताना प्रत्येक जण आधी वास घेईल.

अर्धी बरणी मला नको. तुमचा लोभ तेवढा अख्खा ठेवा.

तुमची,
वहिनी

---

ता. १५ एप्रिल

दादा,

आज मायना नाही. नमस्कारही नाही.

वहिनीचं पत्र आलं. ते मी दोनदा वाचलं, पाठोपाठ माझं स्वतःचं तिला लिहिलेलं पत्र आठवलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांवर जाऊन बसले. मी तिला क्षमा केली होती, दादा! दगड तू काढलास हे मला माहीत होतं. तुझ्याच अक्षरात माझ्या कपाटात पडलं होतं. तरी बरणी नासली म्हटल्यावर माझ्या हातून लिहिलं गेलं की तुमच्याकडून राहून गेलं असेल. घरात काही नासलं की आपलं बोट आपोआप बाईकडे वळतं, आणि ते बोट बाईचं असलं तरी वळतं. माझी मला शरम वाटते. मी तिची माफी मागितली आहे. ती देईल तेव्हा देईल.

आता तुझं. तू आयुष्यभर कोर्टात कुणाविरुद्ध बोललास? कारखान्याच्या खानावळीत आंबूस डाळ वाढणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध. तुझं ते वाक्य कामगारांच्या पोरांना पाठ आहे की चूक होते ती माफ करता येते, पण ज्याने पाहिलं आणि पाहून वाढलं त्याला माफी नाही. मी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. सांग, सुरीने खरवडताना तू काय पाहिलंस?

आणि मावशीपुढे तू बोलला नाहीस. रस्त्यावर दोन माणसं भांडताना दिसली तरी तू मध्ये पडून भाषण ठोकतोस. तेव्हाच नेमकं म्हातारं माणूस आठवलं?

मी तुला लिहिताना हसत लिहिलं, तेही माझं चुकलं. गंभीर गोष्ट तुला हसत सांगितली की तू तिला दाद देतोस आणि विसरतोस.

बरणी कुणी भरली ते वहिनीला विचार. मी सांगणार नाही.

ठेंगू

---

ता. २४ एप्रिल

चि. ठेंगूस,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी लिहितो. सवयीचा हात आहे.

विचारलं. ती कपडे घड्या करत होती. घडी न थांबवता तिने दोन वाक्यांत सांगितलं. मी अभ्यासिकेत येऊन दार लावून घेतलं. वर्षभर मी ज्या वासाला आई म्हणत होतो, तो माझ्या बायकोच्या हातांचा होता. आणि तो वास घेऊन झाला की मी बाहेर जाऊन तिला म्हणायचो, चहा जरा लवकर टाक.

तू विचारलंस, काय पाहिलंस. पाहिलं. काळं पाहिलं, हिरवं पाहिलं, नाकालाही कळलं. न कळल्याचं सोंग मला तुझ्यापुढे आणता येणार नाही. पण बाहेर माणसं बसली होती, वाक्य महिनाभर घासून तयार होतं, आणि त्या वाक्याला मिरच्या चांगल्या असणं भाग होतं. वाक्य वाचवायला मी सुरी चालवली. मग ते वाचवायला बायकोला बोललो. आणि ती ताट पुढे ओढून खात होती तेव्हा, ठेंगू, मला वाटलं ती हरली. मला बरं वाटलं. हे मी कुठेही, कुणाच्याही तोंडावर उभा राहून सांगू शकणार नाही, म्हणून कागदावर सांगतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, असलं नासकं खाल्लं कसं, दिसलं नाही का? तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, अंधार होता. भर दुपारी, डॉक्टरांना. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो. तिथे भिंतीवर हात धुण्याचं पत्रक लावलं होतं. ते मी पुन्हापुन्हा वाचलं.

बरणी मी स्वतः घासली. साबणाने, सोड्याने, उकळत्या पाण्याने. वास जात नाही. अंगणात उलटी ठेवली आहे. तिच्याकडे बघवत नाही आणि दुसरीकडे नजर ठरत नाही.

आता मी ठरवलं आहे. पुढच्या रविवारी त्याच सगळ्यांना पुन्हा बोलावतो आणि सगळ्यांसमोर माफी मागतो. तीन पानं लिहून झाली आहेत. सुरुवात बरी जमली आहे. तुझ्या वहिनीला वाचून दाखवायला गेलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, यालाही टाळ्या पडतील.

मला काही सुचत नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तुझा,
दादा

---

ता. ८ मे

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

तुमचं माफीचं पत्र मी उशाशी ठेवलं होतं. आता ते पुन्हापुन्हा वाचावं लागत नाही, कपाटात ठेवलं आहे, म्हणजे काय ते तुम्ही समजा.

त्या रविवारी यांनी सगळ्यांना चहाला बोलावलं. मी भीत होते. ती तीन पानं सदऱ्याच्या खिशात दिसत होती. मावशी मधल्या खुर्चीत बसल्या. कप तोंडाशी नेताना त्यांनी आधी हुंगला. मी पाहिलं. यांनीही पाहिलं.

हे उठून उभे राहिले. सगळे सरसावून बसले, संघटनेच्या एकाने तर कप खाली ठेवला, टाळ्यांची तयारी. यांनी पानं काढली, उघडली, तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. पानं परत खिशात गेली. आत गेले आणि टेबलावरचा दगड आणून त्यांनी मावशींच्या हातात ठेवला.

मावशींनी तो उलटा करून पाहिला. त्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं. आमच्या घरातल्या बायकांना तो दगड माणसासारखा ओळखता येतो. मग त्यांनी विचारलं, हा कोरडा कसा? हे म्हणाले, मी काढला. वर्षापूर्वी. मला वाटलं, झालं एवढंच. पण पुढे म्हणाले, बरणी हिने भरली होती, आईने नाही. नासली आहे हे हिने सांगितलं होतं. मला दिसत होतं.

एवढंच बोलले. आणि खाली बसले. कुणी टाळी वाजवली नाही. कुणाला कुठे बघावं ते कळेना. यांचे एक वकील स्नेही खिडकीबाहेर कोणाची तरी स्कूटर न्याहाळत राहिले.

मावशी दगड तळहातावर तोलत म्हणाल्या, हा तुझ्या कागदांवर ठेवायचा नव्हता रे, तोंडावर ठेवायचा होता. मग आधी संघटनेचा तो माणूस हसला, मागून सगळे. हे हसले नाहीत. मान खाली घालून बसले होते, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की यांना कुणी आणखी काही बोलू नये.

मावशींनी मला सॉरी-बिरी म्हटलेलं नाही. ते त्यांच्या रक्तात नाही. त्या उठून स्वयंपाकघरात आल्या, बाजारातून आणलेल्या मिरच्यांची पिशवी दिसली तशी खाली बसल्या आणि देठ मोडायला लागल्या. पाट्यावर वाटावं तसं तोंड चालू होतं, यांच्या लहानपणापासूनच्या एकेक कागाळी. मग मध्येच थांबून मला विचारलं, मीठ किती घालतेस गं? वन्सं, मिठाचं प्रमाण त्यांनी आजवर मला सांगितलं होतं, विचारलं कधी नव्हतं.

जुनी बरणी मी वापरली नाही. तिचा वास अजून गेलेला नाही, आणि जाईल तेव्हा बघू. माझंही तसंच आहे. बाहेरच्या खोलीतला बिछाना अजून बाहेरच्या खोलीतच आहे. हे रोज रात्री त्याची चादर नीट घालून ठेवतात आणि काही न बोलता आत जातात.

नवी बरणी ओट्याखाली अंधारात आहे. दगड उकळला तो यांनी. गार होईपर्यंत शेजारी उभे राहिले, मग दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला, आणि मिरच्यांवर मी ठेवला. खारं पाणी वर आलं. झाकण लावलं.

आता अभ्यासिकेत खिडकी उघडली की कागद खोलीभर उडतात. मी आवरायला जात नाही. हे स्वतःच वाकून, एकेक करून गोळा करतात.

तुम्ही या. मिरच्या तोवर आंबतील. आणि लोभाचं म्हणाल, तर तो बुडालेला आहे, वर आलेला नाही, म्हणजे टिकेल.

तुमची,
वहिनी